पदरमोड

पोळ्याच्या आधी आठ-दहा दिवस गोल बाजारात मातीचे नांदिया बैल मांडले जातात. छत्तीसगढी माणूस या सणाला पोरा म्हणतो, आपण पोळा म्हणतो. परंतु त्या बैलांनी शेतात जे अवजार ओढायचे, त्याला मात्र दोघेही एकाच नावाने ओळखतात : नांगर. उत्तरेकडे ज्याला हल म्हणतात त्याला येथे रायपूर-दुर्गच्या खेड्यांतून 'नांगर'च म्हटले जाते. मूळचा संस्कृत 'लांगल' शब्द दोन्ही भाषांनी आपापल्या घरी एकाच प्रकारे जपला, एवढेच त्याचे कारण. तथापि मुलुख सोडून आलेल्या मराठी माणसाला तो शब्द प्रथम ऐकताना जे बरे वाटते, त्याची नोंद कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही.

या नांगराचा लोखंडी अवतार एका मराठी माणसाने कसा घडविला, तो विकत घ्यायला कोणी तयार नसताना त्याने दिवस कसे काढले, आणि नेमक्या त्याच वर्षांत आपल्या या रायपुरात दुसऱ्या एका मराठी माणसाने पदरचे पैसे घालून जो उपक्रम मांडला तो का मिटवावा लागला, हा या लेखाचा विषय आहे. दोन्ही कथा सुट्या सुट्या पुष्कळांना ठाऊक आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्यास काही वेगळे दिसते, असे मला वाटते.

विषय आजच सुचण्याला कारण आहे. छत्तीसगढातील मराठी समाज मुख्यतः नोकरदार आहे. भोसल्यांच्या अमदानीत जे आले ते कमाविसदार, कारकून आणि शिपाई म्हणून आले; १८५४ नंतर इंग्रजी कचेऱ्यांत आले; पुढे रेल्वे आली, टपाल-तार खाते आले, भिलाईचा पोलाद कारखाना आला. महिन्याच्या ठराविक तारखेला पगार आणि शेवटी निवृत्तिवेतन या दोन खांबांवर आपली घरे उभी राहिली. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेऊन येते आणि म्हणते, नोकरी नको, स्वतःची संगणकाची कंपनी काढते; बँक तारणावाचून देत नाही, मोठे गुंतवणूकदार ओळखीचे नाहीत, तेव्हा घरच्या पैशावरच सुरुवात करू. याला हल्ली स्टार्टअप म्हणतात. आपल्या भाषेत स्वतःचे पैसे घालून काही उभे करण्याला फार जुना शब्द आहे : पदरमोड. त्या शब्दात थोडा त्याग आहे आणि थोडा तोटाही गृहीत धरलेला आहे. वडिलांच्या चेहऱ्यावरची चिंता त्या दुसऱ्या अर्थाची असते. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढून द्यावी की न द्यावी, हा प्रश्न आपल्यापैकी अनेक घरांत आज खरोखरच पडलेला आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे व्यासंगी. घरात यंत्राचा कसलाही वारसा नव्हता. लक्ष्मणरावांचा ओढा चित्रकलेकडे, म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, आणि खर्चाचा भार थोरले बंधू रामूअण्णा यांनी उचलला. दोन वर्षांनी लक्षात आले की डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही. रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. यांत्रिक आरेखन त्यांनी चांगले आत्मसात केले आणि त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळविली. संस्थेच्या कर्मशाळेतील यंत्रे हाताळीत, मोकळा वेळ यंत्रविषयक पुस्तकांत घालवीत त्यांनी जे शिक्षण स्वतःस दिले, ते कोणत्याही पदवीपेक्षा कमी नव्हते.

किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याची सुरुवात १८८८ ची धरतात. म्हणजे नोकरी चालू असतानाची. त्या काळी सायकल ही अपूर्वाईची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवीत आणि रामूअण्णा त्या तेथे विकीत. एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत, तेव्हा गिऱ्हाईक युरोपीय अंमलदार, डॉक्टर, वकील अशा मोजक्या मंडळींतलेच असणार. रामूअण्णा केवळ विक्री करून थांबत नसत. सायकल चालवायलाही शिकवीत आणि त्याचे पंधरा रुपये घेत. हे पंधरा रुपये मला फार महत्त्वाचे वाटतात. सरकारी नोकरीत हिशेबाचे कागद तपासण्यात उभी हयात गेल्याने असेल, पण कोणत्याही थोर पुरुषाचे चरित्र वाचताना माझी नजर प्रथम त्याच्या जमेच्या बाजूकडे जाते. विक्रीवरचा नफा अनिश्चित असतो; शिकवणीची फी रोख आणि हातोहात मिळते. बेळगावातील किर्लोस्कर रोड हे नाव ज्या घराण्यावरून पडले, त्या घराण्याच्या उद्योगाचा पहिला पैसा असा आलेला आहे.

पुढे मुंबईच्या संस्थेत एक बढतीची जागा निघाली. ती लक्ष्मणरावांना मिळावयास हवी होती. ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. अपमानाने पेटून उठून माणूस नोकरी सोडतो, हे नाट्य चरित्रकारांना प्रिय असते. परंतु नोकरी सोडली त्या दिवशी बेळगावात सायकलींचे दुकान चालू होते आणि ते चालविणारा भाऊ तेथे बसलेला होता, ही गोष्ट त्या नाट्यात झाकली जाते. ते दुकान नसते तर राजीनाम्याचा कागद कदाचित खिशातच राहिला असता. सायकलींच्या जोडीला पवनचक्क्यांची विक्री आली. दुसऱ्यांची यंत्रे विकता विकता, त्यांची दुरुस्ती करता करता, स्वतःचे यंत्र घडवावे ही इच्छा बळावली आणि कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. ते शेतकऱ्यांना पटले. जनावरासमोर अखखा कडबा टाकला की निम्मा पायदळी जातो. बारीक कापून घातला तर वाया जात नाही. त्याचा उपयोग सांगावा लागत नाही, दिसतो.

लोखंडी नांगराची गोष्ट निराळी होती.

लाकडी नांगर गावचा सुतार घडवून देत असे आणि त्याचे मोल सुगीच्या वेळी बलुत्याच्या धान्यात फिटत असे. म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबी नांगराला रोख किंमत नव्हतीच. त्याच्यापुढे लक्ष्मणरावांनी रोख पैसे मोजून घ्यावयाचा बिडाचा-लोखंडाचा नांगर आणून ठेवला. तो खोल जातो, माती उलथतो, दख्खनच्या काळ्या रानातील हरळीची मुळी वर काढतो. हे सर्व खरे. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या वेळी शेतकरीवर्गात होती. या समजुतीला आपण सुशिक्षित मंडळी हसतो. परंतु ज्याचे वर्षाचे अन्न एका पेरणीवर अवलंबून आहे त्याने नव्या अवजाराकडे संशयाने पाहिले, तर त्यात अज्ञानाइतकीच सावधगिरीही आहे. शिवाय फाळ झिजला वा मोडला तर तो कोठून आणावयाचा? गावचा लोहार भट्टीत लोखंड तापवून ठोकील. बीड ओतून देणे त्याच्या आवाक्यातले नव्हे. इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने आपोआप धार राहणाऱ्या बिडाच्या फाळाचे पेटंट १८०३ मध्येच घेतले होते. पण तेथील शेतकऱ्याला ओतशाळा जवळ होती. आपल्याकडे नांगराबरोबर ओतशाळाही उभी करावी लागणार होती, आणि विश्वासही.

पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांवरून चरित्रांतून आपण झपाट्याने पुढे जातो, कारण शेवट आपल्याला माहीत असतो. लक्ष्मणरावांना तो माहीत नव्हता. चोवीस महिने ओतकाम करणाऱ्यांची मजुरी द्यावयाची, कोळसा आणि बीड विकत घ्यावयाचे, आणि तयार झालेला माल पडवीत उभा पाहावयाचा. हे कशाच्या आधारावर? कडबा कापण्याची यंत्रे विकली जात होती. सायकली होत्या, दुरुस्त्या होत्या. ज्या वस्तूत त्यांना भविष्य दिसत होते, तिचा खर्च ज्या वस्तूंत वर्तमान होते त्यांनी भागविला. लक्ष्मणरावांची चिकाटी मोठी होती, यात शंका नाही. पण चिकाटीला रोज दोन वेळा जेवावे लागते, आणि ते जेवण कोठून येत होते हे सांगितल्यावाचून तिचे कौतुक अपुरे राहते.

नांगर खपू लागले न लागले तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावात ठळकवाडीची नवी वसाहत आखली जात होती आणि किर्लोस्करांचा कारखाना होता ती जागा सोडण्याचा हुकूम आला. यंत्रे उचलून न्यावयाची कोठे? याच सुमारास त्यांनी औंध येथील देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम पत्करलेले होते. नांगर करणाऱ्याने मंडप का बांधावा, असे विचारणाऱ्याने वरचा मजकूर पुन्हा वाचावा. चालत्या कामाला नाही म्हणण्याची चैन त्यांना परवडत नव्हती. त्या कामानेच औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी निकट परिचय घडविला. बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार, आणि समोर रंगांनी नाकारलेला, रेषेवर जगणारा माणूस. दोघांचे जमले. लक्ष्मणरावांची अडचण कळताच राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात जमीन देऊ केली आणि कर्जाने रक्कमही.

ही जमीन कुंडल रोड नावाच्या एका आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळ होती : बत्तीस एकर माळ, निवडुंगाने भरलेला, नागसापांची वस्ती असलेला. १० मार्च १९१० रोजी तेथे मुक्काम पडला. पंचवीसएक कामगार, त्यांची कुटुंबे, आणि लक्ष्मणरावांचे स्वतःचे कुटुंब. पुढे उद्योगक्षेत्रात स्वकर्तृत्वाने गाजलेले चिरंजीव शंतनुराव तेव्हा सात वर्षांचेही नव्हते. त्या मेळ्यात शंभूअण्णा जांभेकर यांच्यासारखे यंत्रज्ञ होते, अनंतराव फळणीकरांसारखे शाळा अर्धवट सोडलेले पण हाताचे कसबी होते, मंगेशराव रेगे हिशेब पाहत होते, आणि रामूअण्णा वस्तीची व्यवस्था लावीत होते. रात्रीच्या राखणीला तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमलेली होती. त्यांच्यावर विश्वास टाकला आणि त्यांनी तो सांभाळला. बायकांनी त्या माळावर सापांच्या भीतीत, पाण्याच्या टंचाईत चुली कशा मांडल्या असतील, याची नोंद हिशेबाच्या वहीत होत नसते. पदरमोडीच्या उद्योगातील सर्वांत मोठे भागधारक बहुधा असेच, ज्यांच्या नावावर एकही भाग नाही, असे असतात.

पुढील भाग सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात. १९१४ चे महायुद्ध आले, परदेशी नांगरांची आयात आटली, मागणी वाढली. पण बीड आणि कोळसाही मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा ओतकामासाठी देऊ केल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. १९२० च्या जानेवारीत 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली आणि भागभांडवलाच्या रूपाने बाहेरचा पैसा रीतसर आत आला. म्हणजे १८८८ च्या पहिल्या सायकलीपासून बत्तीस वर्षांनी! मध्यंतरीच्या बाहेरच्या पैशाची ठळक बाब म्हणजे औंधचे ते कर्ज. पंप, एंजिने, विजेची यंत्रे हे सर्व त्यानंतरचे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले.

आता बेळगावाहून रायपुरास येऊ. लक्ष्मणराव नांगराच्या खटपटीत गढलेले होते त्याच काळात, १९०० च्या जानेवारीत, 'छत्तीसगढ मित्र' या हिंदी मासिकाचा पहिला अंक निघाला. छत्तीसगढातून निघालेले हे पहिले नियतकालिक, आणि ते काढणारे तिघेही मराठी : संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे. सप्र्यांचा जन्म १९ जून १८७१ चा, दमोह जिल्ह्यातील पथरियाचा. लक्ष्मणरावांहून ते दोन वर्षांनी लहान. शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे झाले आणि कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यांनी मिळविली. त्या काळी बी. ए. झालेल्या मुलाला सरकारी नोकरीची दारे सताड उघडी असत. माधवरावांनी तिकडे पाठ फिरविली. पेंड्र्याच्या जमीनदार राजघराण्यात मुलांचे शिक्षक म्हणून दरमहा पन्नास रुपयांवर ते राहिले, आणि त्यातून शिल्लक पडेल ती रक्कम मासिकाच्या पायी घातली.

बी. ए. ही पदवी माझ्याही नावापुढे आहे. ती घेऊन मी नेमक्या त्या उघड्या दारातून आत शिरलो, आणि त्याचा मला खेद नाही. परंतु सप्र्यांच्या पन्नास रुपयांचा विचार करताना मान आपोआप लवते. मुद्रणयंत्र त्यांच्या मालकीचे नव्हते. आरंभीचे अंक रायपूरच्या कय्यूमी मुद्रणालयात छापले गेले, नंतर छपाई नागपूरच्या देशसेवक मुद्रणालयाकडे गेली. म्हणजे प्रत्येक महिन्याला कागद विकत, छपाई विकत, टपालखर्च वेगळा. आणि मजकूर लिहिण्याची मजुरी शून्य, कारण ती स्वतःचीच. समोर वाचक किती? हिंदी मासिक वर्गणी भरून वाचावे, पुस्तकांची परखड परीक्षणे वाचावीत, असे वाटणारा वर्ग या भागात अजून घडावयाचा होता. लक्ष्मणरावांना नांगराचे गिऱ्हाईक निर्माण करावे लागले, तसेच सप्र्यांना वाचक निर्माण करावे लागणार होते. न मागितलेली वस्तू घेऊन दोघेही दारात उभे राहिले होते.

त्या मासिकाची गुणवत्ता आज कोणी नाकारीत नाही. १९०१ च्या एप्रिलमध्ये त्यात आलेली सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट हिंदीतील पहिली लघुकथा होय, असे अनेक अभ्यासक मानतात. हिंदी समीक्षेचा पाया घालणाऱ्यांत या मासिकाची गणना होते. परंतु डिसेंबर १९०२ चा अंक अखेरचा ठरला. तीन वर्षे घट सोसून झाली आणि पुढे सोसणे शक्य राहिले नाही.

किर्लोस्करांना दोन वर्षे थांबावे लागले, ते टिकले. सप्रे तीन वर्षे लढले, त्यांना थांबावे लागले. एकाची जिद्द अधिक आणि दुसऱ्याची कमी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फरक वस्तूचा होता, आणि त्याहून अधिक आधाराचा होता. न विकलेला नांगर पडवीत उभा राहतो. पावसाळा गेला तर पुढच्या हंगामात विकता येतो. न विकलेला मासिकाचा अंक महिन्यानंतर रद्दी. नांगर खपत नसेल तर भट्टी महिनाभर थंड ठेवता येते. मासिक मात्र ठरल्या दिवशी निघालेच पाहिजे, नाहीतर असलेले वर्गणीदारही जातात. आणि सर्वांत मुख्य म्हणजे सप्र्यांच्या मासिकामागे सायकलींचे दुकान नव्हते. एका शिक्षकाचा पगार आणि मित्रांची पदरमोड, एवढाच त्याचा निधी. खर्च दरमहा नवा, आणि तो भरून काढणारे उत्पन्न मात्र एका माणसाच्या श्रमाला बांधलेले.

या विधानाला पुरावा किर्लोस्करवाडीनेच दिला आहे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' काढली. आरंभी ती कारखान्याच्या मालाची आणि घडामोडींची वार्ता देणारी लहानशी पत्रिका होती. पुढे तिचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. परप्रांतातील मराठी घरांना या मासिकांनी काय दिले, ते रायपूरच्या जुन्या बिऱ्हाडांना सांगावयास नको. पोस्टमनच्या थैलीतून येणारी ती महिन्याची मराठी भेट होती. ती मासिके मते मांडताना कचरली नाहीत, प्रसंगी वर्गणीदारांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. मागे कारखाना उभा असल्यावाचून आरंभीची वर्षे हा बाणा परवडला नसता. वस्तू तीच, मासिक. एक रायपुरात तीन वर्षांत मिटले, दुसरे माळावरच्या एका कारखान्यातून निघून घराघरांत पोचले. नांगराने आधी स्वतःचे पोट भरले आणि मग मासिकाचेही भरले.

हे सर्व शंभर वर्षांपूर्वीचे झाले, संगणकाच्या युगात त्याचे काय, असा प्रश्न घरातील तरुण मंडळी विचारतील. त्यांच्यासाठी पुण्याचे एक उदाहरण देतो. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी मॅट्रिकनंतर शिक्षण सोडले आणि ते एका दुकानात गणनयंत्रे, म्हणजे कॅल्क्युलेटर, दुरुस्त करावयास राहिले. १९९० मध्ये त्यांनी साठविलेल्या १५,००० रुपयांवर पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत वारंवार विषाणू सापडू लागले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी तो विषाणू काढणारी आज्ञावली लिहिली, आणि १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' या नावाने ती बाजारात आली. आरंभी विक्री यथातथाच होती. तोपर्यंत आणि त्यानंतरही घर आणि कंपनी चालली ती दुरुस्तीच्या कामावर. मोठ्या गुंतवणूकदार संस्थेचे साठ कोटी रुपये आले ते २०१० मध्ये, आणि शेअर बाजारात नोंदणी झाली २०१६ च्या फेब्रुवारीत.

दोन भाऊ, एक दुरुस्तीचे दुकान, दुसऱ्यांची यंत्रे हाताळता हाताळता सुचलेली स्वतःची वस्तू, विक्रीची वाट पाहण्याची वर्षे, आणि त्या वर्षांना पोसणारे साधे, अनाकर्षक, रोखीचे काम. बेळगावची सायकल पुण्यात कॅल्क्युलेटर होऊन आली, एवढेच. १९८१ मध्ये पुण्यात 'इन्फोसिस' स्थापन झाली तेव्हा सुधा मूर्ती यांनी साठवणीतले १०,००० रुपये काढून दिले, ही कथा शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पण त्या काळात त्यांची स्वतःची नोकरी चालू होती आणि घर त्या पगारावर चालले, हा कथेचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही.

तेव्हा आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी असा बेत घेऊन येईल, तेव्हा 'किती पैसे लागतील' हा प्रश्न मी दुसरा विचारीन. पहिला प्रश्न असा : तुझी वस्तू कोणी घेत नाही त्या दोन वर्षांत तू काय विकणार आहेस? दुरुस्ती, शिकवणी, दुसऱ्याच्या कंपनीचे काम, काहीही चालेल. कोणत्याही कामाला कमी लेखू नये. त्याचे उत्तर तयार असेल तर निवृत्तीच्या रकमेतील थोडा वाटा देण्यास माझी हरकत नाही, आणि नसेल तर सगळी रक्कम दिली तरी ती पुरणार नाही. येथे काही मंडळी म्हणतील, अशाने मन दोन ठिकाणी वाटले जाते, पूर्ण झोकून दिल्यावाचून मोठे काम होत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. रामूअण्णा नसते तर लक्ष्मणरावांचेही मन वाटले गेले असते. दुकान एकाने सांभाळावे आणि भट्टीपाशी दुसऱ्याने उभे राहावे, ही सोय भावाभावांत झाली. आजच्या एकुलत्या एक अपत्यांच्या काळात ती मित्रांत करावी लागेल, आणि मैत्रीला असे ओझे पेलते की नाही, हे आधी पाहून घ्यावे लागेल.

सप्र्यांच्या मित्रांना ते पेलले, हे येथे सांगितलेच पाहिजे. 'छत्तीसगढ मित्र' बंद पडल्याने कोणी कोणाला दुरावले नाही. माधवराव पुढे नागपुरास गेले, १९०७ मध्ये 'हिंदी केसरी' काढला, १९०८ मध्ये त्यापायी अटक भोगली, समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले, आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच देह ठेवला. बूढा तालाबाच्या बाजूने जाताना सप्रे शाळेचे मैदान लागते. तेथे क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हे नाव कोणाचे, ते विचारून पाहण्यासारखे आहे.

वामनराव लाखे यांनी वेगळी वाट धरली. सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा. त्यात गावोगावच्या लहान पतपेढ्यांना मान्यता होती, पण त्यांना पैसा पुरविणाऱ्या मध्यवर्ती बँकांची तरतूद नव्हती. ती १९१२ च्या कायद्याने झाली. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, रायपूर को-ऑपरेटिव्ह सेंट्रल बँक स्थापन झाली. तिच्या उभारणीत लाखे अग्रभागी होते आणि पुढे दीर्घकाळ तिचा कारभार त्यांनी पाहिला. सावकाराच्या दारी न जाता शेतकऱ्याला हंगामापुरते कर्ज मिळावे, आणि फेडीची जबाबदारी एकट्यावर न पडता पेढीतील सर्वांनी मिळून घ्यावी, ही त्या बँकेमागची कल्पना. मासिकाचा शेवटचा अंक निघाला तेव्हा या प्रकाशकाचे वय तीस होते; बँक सुरू झाली तेव्हा चाळीस ओलांडलेले. लाखेनगर हे नाव त्यांचेच आहे.